बटण दाबलं, गिअर पडला नाही : वीस वर्षं जुन्या बॉक्स्टरच्या टिपट्रॉनिकचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००१ सालची पोर्श बॉक्स्टर एस. सीटच्या मागे बसवलेलं ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २५२ पीएस आणि पाच गिअरचा टिपट्रॉनिक एस गिअरबॉक्स, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला, पण हवं तेव्हा बटणाने गिअर मागता येणारा ऑटोमॅटिक. मालक मूळचे कोल्हापूरचे, नोकरीनिमित्त बऱ्याच वर्षांपासून श्टुटगार्टजवळ स्थायिक झालेले. ओळख पटेल असे त्यांचे तपशील बदलले आहेत; गाडीचे आणि दुरुस्तीचे तसेच ठेवले आहेत. मी गिअरबॉक्सच्या चाचण्यांचं काम करतो हे इथल्या मराठी मंडळींना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचा फोन आला. प्रश्न सरळ होता : "दादा, गाडी ठेवू का विकू, तेवढं सांगा."

त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं आहे. श्टुटगार्ट शहर खोलगट जागी वसलंय, बाहेर पडायला कुठूनही चढच लागतो आणि त्या चढांवर सकाळ-संध्याकाळ गाड्या खोळंबलेल्या असतात. अशा ठिकाणी रोज क्लच दाबणं त्यांना जमणारं नव्हतं. पण नुसती ऑटोमॅटिकही नको होती. घाटात गिअर आपल्या हातात हवा, ही हौस होती. टिपट्रॉनिकमध्ये दोन्ही मिळतं असं वाटलं आणि त्यांनी गाडी घेतली. त्याच सालच्या मॅन्युअल गाडीपेक्षा ती स्वस्तही मिळाली, कारण या जुन्या स्पोर्ट्स कार घेणारे बहुतेक जण तीन पेडलवालीच शोधतात. कागदावरचा फरक तसा मोठा नाही : शून्य ते १०० ला मॅन्युअल ५.९ सेकंद घेते, टिपट्रॉनिक ६.५. नाव ठेवणारे नाव ठेवतात ते आकड्यांपेक्षा "ही खरी मॅन्युअल नव्हे" म्हणून.

ते खरंच आहे. ती मॅन्युअल नाहीच. आणि ही गोष्ट मालकांनी किंवा पहिल्या वर्कशॉपने नीट लक्षात घेतली नव्हती, हेच या प्रकरणाचं मूळ आहे असं माझं मत आहे.

गिअर बदलतो कोण?

क्लचचं पेडल नको पण गिअर हातात हवा, ही मागणी जुनी आहे. १९६८ च्या मॉडेलसाठी पोर्शने ९११ मध्ये स्पोर्टोमॅटिक आणला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून पुढे देणारा जोड) होता, शिवाय व्हॅक्यूमवर चालणारा क्लच होता. लिव्हरला हात लावला की विजेचा स्विच क्लच सोडवायचा आणि चालक स्वतः गिअर टाकायचा. टिपट्रॉनिक आला १९९० च्या मॉडेलच्या ९११ कॅरेरा २ मध्ये, म्हणजे पोर्शच्या अंतर्गत क्रमांकाप्रमाणे ९६४ मध्ये, चार गिअरचा. लिव्हर बाजूच्या दुसऱ्या खाचेत न्यायची, पुढे ढकलली की वरचा गिअर, मागे ओढली की खालचा. पुढच्या पिढीच्या ९११ मध्ये, म्हणजे ९९३ मध्ये, स्टीअरिंगवर बटणं आली आणि नावाला 'एस' लागलं. बॉक्स्टरमध्ये, म्हणजे ९८६ मध्ये, पाच गिअर झाले. इथे लिव्हर 'डी'वरून (गाडी स्वतः गिअर बदलते) डावीकडे 'एम'मध्ये (गिअर चालक मागतो) घ्यायची आणि पुढचं सगळं काम स्टीअरिंगच्या दोन्ही दांड्यांवरच्या + आणि − च्या बटणांनी करायचं.

आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून एएमटी गाड्या घराघरांत पोचल्या. त्यांतही + आणि − असतं, त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की हे तेच तंत्र. तसं नाही. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच असतो. क्लच आणि गिअर हलवायचं काम फक्त यंत्र करतं. फेरारीने १९९७ मध्ये ३५५ ला दिलेला एफ१ गिअरबॉक्स याच जातीचा. टिपट्रॉनिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो, आत ग्रहगतीचे म्हणजे प्लॅनेटरी गिअर असतात, आणि प्रत्येक गिअर हा क्लच-प्लेटांच्या वेगवेगळ्या जुड्या ऑइलच्या दाबाने आवळून तयार होतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक जुडी सुटते आणि दुसरी पकडते. ही देवाणघेवाण सेकंदाच्या छोट्याशा भागात, अचूक दाबाने व्हावी लागते. तो दाब ठरवतात वाल्व्ह बॉडीवर, म्हणजे ऑइलच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भागावर बसवलेले विजेवर चालणारे प्रेशर रेग्युलेटर, आणि त्यांना सांगतं कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर.

म्हणजे स्टीअरिंगवरचं बटण दाबणं हा हुकूम नाही, अर्ज आहे. मंजूर करायचा की फेटाळायचा हे कंट्रोल युनिट ठरवतं, आणि मंजूर झाल्यावरही अंमलबजावणी ऑइलच्या हातात असते. बिघाडाची तीन ठिकाणं झाली : अर्ज पोचलाच नाही, पोचला पण फेटाळला, मंजूर झाला पण आत काम नीट झालं नाही. बाहेरून चालकाला तिन्हींचा अनुभव एकच येतो : "बटण दाबलं, गिअर पडला नाही."

अडचण

मालकांच्या तक्रारी तीन होत्या, पण त्यांनी सांगताना त्यांची एकच करून सांगितली : "गिअरबॉक्स गेलाय." फोनवर मी त्या सुट्या करून घेतल्या.

पहिली, 'एम'मध्ये असताना − चं बटण कधी लागतं, कधी लागत नाही. वळणाआधी दुसरा मागितला तर गाडी तिसऱ्यातच राहते.

दुसरी, गाडी गरम झाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं सुटतं. आरपीएमचा काटा खाली यायच्या ऐवजी वर उडतो आणि मग धक्का देऊन गिअर बसतो. थंड असताना हे होत नाही.

तिसरी सगळ्यात घाबरवणारी. ब्लॅक फॉरेस्टमध्ये लांब वळणांच्या रस्त्यावर गिअर दाखवणाऱ्या डिस्प्लेवर '४' आणि 'डी' आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि गाडी चौथ्यात अडकली. हा आपत्कालीन प्रोग्राम. आत काहीतरी पटेनासं झालं की कंट्रोल युनिट हात वर करतं आणि एकच गिअर देऊन ठेवतं; घरी पोचा, एवढ्यापुरतं. चौथ्या गिअरवर सिग्नलवरून गाडी उचलायची म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्याच जिवावर. मालक त्या दिवशी मागे रांग लावून, हॅझर्ड लाइट लावून डोंगर उतरले. वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी या गाडीत लांब जायचं नाही असं सांगून टाकलं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत व्हायचं, आणि पुढच्या लांब वळणावर पुन्हा तेच.

जवळच्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावला, फॉल्ट कोड पाहिले, पुसून टाकले आणि दुरुस्त केलेला दुसरा गिअरबॉक्स व कन्व्हर्टर बसवायचं कोटेशन दिलं. रक्कम गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास होती. कोड नेमके कोणते होते, ऑइल किती गरम असताना आले, हे कागदावर कुठेच नव्हतं.

पर्याय

कोटेशन मान्य करायचं, हा पहिला. त्यात एक सोय होती : काम संपलं की विषय संपला. पण निदान झालेलं नसताना सगळाच्या सगळा भाग बदलणं म्हणजे नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच न कळणं. आणि बटणाची तक्रार नवीन गिअरबॉक्स बसवूनही तशीच राहिली असती, हे मला जवळपास नक्की वाटत होतं.

दुसरा पर्याय मालकांना इतरांनी सुचवलेला : मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घ्या, गाडीची किंमतही वाढेल. हे होऊ शकतं, लोक करतात. पण त्यासाठी गिअरबॉक्सबरोबर पेडल, फ्लायव्हील, क्लच, लिव्हर आणि केबली, इंजिनच्या कंट्रोल युनिटचं कोडिंग एवढं सगळं लागतं, आणि जर्मनीत त्यानंतर अधिकृत तपासणी करून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. मी त्यांना एकच विचारलं, "गुडघ्याचं काय?" विषय तिथेच मिटला. ज्या कारणासाठी गाडी निवडली तेच कारण गप्पांच्या ओघात बाजूला पडलं होतं.

तिसरा, नुसतं ऑइल बदलून बघायचं. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलू नये, नवं ऑइल घातलं की गिअरबॉक्स बसतो, अशी समजूत इथेही आहे आणि आपल्याकडेही. त्यात तथ्याचा अंश एवढाच की प्लेटांचं अस्तर आधीच जळून गेलं असेल तर ऑइल बदलून ते परत येत नाही. मग दोष नव्या ऑइलवर जातो. दुसऱ्या टोकाला 'आयुष्यभराचं ऑइल' ही समजूत. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः वापरानुसार साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. ही गाडी त्याच्या बरीच पुढे गेलेली होती.

चौथा पर्याय पायरीपायरीने जायचा : आधी मोजायचं, मग ऑइलची पातळी, मग गरज पडली तरच ऑइल पॅन उघडून वाल्व्ह बॉडी. प्रत्येक पायरीवर थांबायची मुभा. पाचवा, आहे तशी विकून टाकायची. तो शेवटपर्यंत उघडा ठेवला.

चौथ्याच्या बाजूने एक गोष्ट फार महत्त्वाची होती. बॉक्स्टरमधला हा गिअरबॉक्स झेडएफच्या ५एचपी१९ कुटुंबातला. त्याच काळातल्या ऑडी ए४, ए६ आणि फोक्सवॅगन पसाट यांत याची भावंडं आहेत. या गाड्या जर्मनीत ढिगाने चालल्या, त्यामुळे त्यांचे प्रेशर रेग्युलेटर, फिल्टर, गॅस्केट सहज मिळतात आणि हा गिअरबॉक्स हाताखालून गेलेले कारागीरही आहेत. गाडीवरचं बोधचिन्ह बघून लोक घाबरतात. आतल्या वस्तू रोजच्या वापरातल्या आहेत.

पहिली पायरी : अर्ज पोचतो का?

स्कॅनर लावून आधी बॅटरीचा व्होल्टेज पाहिला, कारण व्होल्टेज पडलं तरी या काळातली कंट्रोल युनिटं नाटकं करतात. ते ठीक होतं. मग गाडी जागेवर उभी ठेवून लाइव्ह डेटामध्ये बटणं तपासली. डाव्या दांडीवरची + आणि − दोन्ही दर वेळी नोंदवली जात होती. उजवीकडचं − मात्र मधूनच गायब व्हायचं. अंगठा थोडा वरच्या कडेला पडला की काहीच नाही. वीस वर्षं उजव्या अंगठ्याने दाबून संपर्क झिजलेला. हा दोष गिअरबॉक्सच्या आसपासही नव्हता.

पण मालकांचं म्हणणं होतं की डाव्या बटणानेही कधीकधी गिअर पडत नाही. म्हणून मी शेजारी बसलो, ते चालवत होते, स्कॅनर चालू. दर वेळी ते तिसऱ्यातून दुसरा मागत, आणि आरपीएम ५,३००, ५,५०० च्या घरात असताना मागत. इथे थोडा हिशेब करू. या गिअरबॉक्सचं दुसऱ्याचं गुणोत्तर २.०० आणि तिसऱ्याचं १.४१. म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात गेल्यावर इंजिन साधारण १.४२ पट फिरणार. तिसऱ्यात ५,२०० असतील तर दुसऱ्यात जवळजवळ ७,४०० होतात, आणि या इंजिनाची लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ७,२०० ला आहे. कंट्रोल युनिटने नाही म्हटलं ते इंजिन वाचवण्यासाठी. मॅन्युअल गाडीत हाच गिअर जोराने बसला असता आणि इंजिनाचा खुर्दा होऊ शकला असता.

हे त्यांना आकड्यांत दाखवल्यावर चेहरा बदलला. "म्हणजे ती ऐकत नव्हती ते बरोबरच होतं की!" ब्रेक आधी मारायचा, वेग उतरू द्यायचा आणि मग − दाबायचं, एवढा बदल केल्यावर डावं बटण एकदाही चुकलं नाही. पहिल्या तक्रारीचे दोन भाग झाले होते आणि दोन्हींची उत्तरं मिळाली होती, अजून एकही नट सैल न करता.

दुसरी पायरी : 'एम' हेच तपासणीचं हत्यार

जुन्या टिपट्रॉनिकचा 'एम' मोड मजेसाठी दिला असला तरी निदानासाठी त्याच्याइतकी कामाची गोष्ट गाडीत दुसरी नाही. 'डी'मध्ये असताना गिअर कधी बदलेल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे घसरण नेमकी कुठे होते ते कळत नाही. 'एम'मध्ये एक गिअर धरून ठेवता येतो.

गाडी पूर्ण गरम करून आम्ही श्टुटगार्टजवळच्या श्वाबिश आल्ब या डोंगराळ भागातल्या चढावर गेलो. दुसरा धरला आणि चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएम आणि वेग एकमेकांना धरून वाढले. कुठेही काटा सुटला नाही. मग तिसरा धरून तेच. तसाच चौथा. तिन्ही गिअर भाराखाली घट्ट. यावरून हे गिअर पकडून ठेवणाऱ्या प्लेटांच्या जुड्या शाबूत आहेत असं धरायला हरकत नव्हती. प्लेटा जळाल्या असत्या तर धरलेल्या गिअरमध्येही चढावर घसरण झाली असती. बिघाड फक्त दुसरा सोडून तिसरा पकडायच्या त्या क्षणात होता, आणि तोही ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर. संशय प्लेटांवरून सरकून दाबावर आला.

निर्णयाची ही खरी वेळ होती. याच टप्प्यावर "गिअरबॉक्स बदला" या कोटेशनचा आधार गेला. वीस मिनिटांचा चढ आणि एक बटण, एवढ्यात.

परतीच्या वाटेवर एका लांब डाव्या वळणात '४' आणि 'डी' लुकलुकले. या वेळी स्कॅनर चालू होता. कोड होता गिअरचं गुणोत्तर न जुळल्याचा : आत जाणारा आणि बाहेर येणारा वेग यांचा मेळ बसत नाही. ऑइल गरम, गाडी लांब वळणात. ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते, असं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं.

तिसरी पायरी : ऑइलची पातळी

मालकांनी जुनी बिलं जपून ठेवली होती, ही त्यांची फार चांगली सवय. काही वर्षांपूर्वी, ते गाडी घेण्याआधी, कुठल्याशा वर्कशॉपने ऑइल पॅनचं गॅस्केट बदललं होतं आणि बिलावर ऑइल दाखवलं होतं फक्त दीड लिटर. पॅन काढल्यावर याहून पुष्कळ जास्त ऑइल बाहेर येतं.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर सपाट घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून आणायची आणि ऑइल साधारण ४० अंशांच्या आसपास असताना पातळीचा बोल्ट उघडायचा. बारीक धार येऊन थांबली की पातळी बरोबर. इंजिन बंद ठेवून भरलं तर पॅन लगेच भरल्यासारखा दिसतो आणि ऑइल बाहेर यायला लागतं. मग इंजिन चालू केलं की पंप तेच ऑइल कन्व्हर्टरमध्ये आणि वाहिन्यांमध्ये ओढून घेतो आणि पॅन रिकामा होतो. इथे बहुधा तेच घडलं असावं. बोल्ट उघडला, थेंबही आला नाही. पातळीवर यायला जवळपास लिटरभर ऑइल लागलं.

त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वळणांवर, त्याच वेगाने गाडी फिरवली. आपत्कालीन प्रोग्राम पुन्हा आला नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना होणारी उडी मात्र कमी झाली, गेली नाही.

चौथी पायरी : उघडायचं की थांबायचं?

इथे आमचं एकमत नव्हतं. मालकांचं म्हणणं, गाडी आता अडकत नाही, उन्हाळा काढू. माझं म्हणणं, हवा खात चाललेल्या गिअरबॉक्सचं जुनं ऑइल आत ठेवून आल्प्स ओलांडायला निघू नका. शिवाय अशा प्रत्येक उडीत प्लेटा थोड्या घासल्या जातात. आज शाबूत असलेल्या जुड्या वर्षभराने शाबूत असतीलच असं नाही. शेवटी ठरलं असं की पॅन उघडायचा आणि आत काय दिसतं त्यावर ठरवायचं. चकचकीत धातूचे कण किंवा अस्तराचे काळे तुकडे निघाले तर एक पैसाही आणखी न घालता गाडी विकायला काढायची.

ऑडी-फोक्सवॅगनचे ऑटोमॅटिक दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. पॅन खाली आला. ऑइल गडद तपकिरी, पण नाकाजवळ धरल्यावर जळका वास नव्हता. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतात; त्यांवर राखाडी रंगाचा मऊ, लोण्यासारखा लेप होता. बोटाने चोळला तर खर लागली नाही. एवढ्या किलोमीटरला असा लेप असणं अगदी सर्वसाधारण. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तो लेप अंगठ्यावर पसरून उजेडात तिरपा धरला, फडक्याला पुसला आणि मान हलवली. पुढे जायचं ठरलं.

वाल्व्ह बॉडी उतरवून साफ केली आणि प्रेशर रेग्युलेटरचा पूर्ण संच बदलला. मीटर लावून पाहिलं तेव्हा जुन्या रेग्युलेटरांचा विजेचा रोध ठीक होता, आणि नेमकं हेच अनेकांना फसवतं. वायंडिंग चांगली असली तरी आतली पिन झिजून दाब निसटू शकतो. मीटरला ते दिसत नाही. नवा फिल्टर, नवं गॅस्केट, ठरलेल्या प्रकारचं ऑइल. ऑइल आपोआप गळू देऊनच बदललं. मशीन लावून जोराने फ्लश करायला मी नको म्हटलं, कारण वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ त्या जोराने वाल्व्हमध्ये जाऊन अडकायची भीती असते. त्यामुळे कन्व्हर्टरमधलं थोडं जुनं ऑइल आतच राहिलं, ते चाललं. पातळी इंजिन चालू ठेवून, तापमान बघून लावली.

उजव्या बटणासाठी स्टीअरिंगवरची एअरबॅग काढावी लागते. ते काम घरी करायचं नाही. बॅटरी सोडून, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घेतलं.

शेवटी कंट्रोल युनिटने जुन्या सवयी म्हणून साठवलेली मूल्यं पुसली आणि नव्याने शिकण्यासाठी गाडी शांतपणे, हलक्या ॲक्सिलरेटरवर, प्रत्येक गिअरमधून अनेकदा वर-खाली नेली. ही पायरी घाईत टाळली जाते आणि मग "सगळं बदललं तरी झटका आहेच" अशी तक्रार येते. नव्या रेग्युलेटरना जुन्या झिजलेल्या भागांसाठी शिकलेला दाब दिला तर दुसरं काय होणार?

परिणाम

गरम गाडीतली दुसऱ्या-तिसऱ्यामधली उडी गेली. आपत्कालीन प्रोग्राम परत आलेला नाही. मालक उन्हाळ्यात आल्प्स ओलांडून इटलीत जाऊन आले, वहिनीही गेल्या. सगळा खर्च पहिल्या कोटेशनच्या साधारण चौथ्या हिश्श्यात भागला, त्यात बटणाचंही काम आलं.

सगळं सुटलेलं नाही. सकाळी पहिल्यांदा तिसरा गिअर पडताना किंचित आळस जाणवतो. शिवाय ताशी ८० च्या आसपास, चौथ्यात, ॲक्सिलरेटर अगदी हलका असताना गाडीत बारीक थरथर येते. ब्रेक पेडलला नुसता पाय टेकवला की ती थांबते. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (घसरण टाळायला कन्व्हर्टर थेट जोडून टाकणारा) त्या क्षणी सुटतो, म्हणजे थरथर तिथली. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. आज त्याची निकड नाही. पुढे कधी मागच्या बाजूचं मोठं काम निघालं तर त्याबरोबर कन्व्हर्टर करून घ्यायचा, असं ठरलं आहे.

चालवण्याची पद्धत मात्र बदलली. पूर्वी मालक चढावर 'एम'मध्ये चौथा धरून १,८०० आरपीएमवर गाडी रेटायचे, इंजिनाला त्रास नको म्हणून. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे उलटं पडतं : कमी फेऱ्यांवर जास्त भार दिला की कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी ऊर्जा ऑइल तापवण्यात जाते. आता ते चढावर तिसरा किंवा दुसरा घेतात आणि इंजिनाला फिरू देतात. उतारावर दुसरा धरून ब्रेक वाचवणं ही तर 'एम'ची सगळ्यात चांगली बाजू आहे.

वेगळं काय करता आलं असतं?

पहिल्या वर्कशॉपने कोड पुसायच्या आधी लिहून ठेवले असते, सोबत ऑइलचं तापमान आणि गाडीचा वेग, तर आल्बच्या फेरीतला निम्मा वेळ वाचला असता. पुसलेला कोड म्हणजे फेकलेला पुरावा. अशा गाडीच्या मालकाने स्कॅनर लावायच्या आधीच "प्रिंट काढून द्या, मग पुसा" असं सांगावं.

पातळी आधी भरायची आणि नंतर पॅन उघडायचा, यात भरलेलं लिटरभर ऑइल वाया गेलं आणि लिफ्टचे पैसे दोनदा गेले. दोन्ही कामं एकदम करता आली असती. पण मग वळणात अडकण्याचं कारण पातळी होती की रेग्युलेटर, हे सुटं कळलं नसतं. इतकी जुनी गाडी ठेवायची आहे हे आधीच पक्कं असतं तर मी एकदम करा म्हटलं असतं. इथे ठेवायची की नाही हाच प्रश्न होता, म्हणून पायऱ्या बरोबर होत्या असं मला वाटतं.

आणि सगळ्यात आधीची संधी खरेदीच्या दिवशी होती. मालकांनी गाडी घेताना शहरात छोटी फेरी मारली, तीही थंड गाडीत आणि 'डी'मध्ये. जुनी टिपट्रॉनिक बघायला जाल तेव्हा ती पूर्ण तापेपर्यंत चालवा, 'एम'मध्ये घेऊन प्रत्येक गिअर चढावर धरून बघा, चारही बटणं वेगवेगळी दाबून बघा, आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं शेवटचं बिल मागा. बिलावर किती लिटर लिहिलंय ते वाचा.